हेवी डिपॉझिटवर फ्लॅट घेताय? आधी हे वाचा

नोकरीसाठी मुलाबाळांसह कोल्हापुरात येऊन भाड्याचं घर शोधणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. आमचे तीन लाख रुपये ज्या पद्धतीने गेले, ती पद्धत आमच्यापाशी थांबलेली नाही. मे-जूनमध्ये तर जास्तच जपा. शाळा उघडायच्या असतात, पाऊस तोंडावर असतो आणि घर ठरवायची घाई असते.

माझ्या मिस्टरांना गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत नोकरी लागली, म्हणून आम्ही नाशिक सोडलं. मोठी पहिलीत जाणार होती, धाकटा नुकता चालायला लागलेला. शाळेची फी भरून झाली होती, पण घर काही ठरत नव्हतं. इथे घर बघायला आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, पुराचं पाणी येतं का? ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४३ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. नागाळा पार्क, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, या भागांची नावं तेव्हा रोज बातम्यांत होती. लहान मुलं घेऊन राहायचं तर ही धास्ती असतेच, आणि समोरचा माणूस ती बरोबर ओळखून होता.

फ्लॅट कळंबा रोडच्या बाजूला, उंचावर. दाखवायला एजंट आला आणि त्याच्यामागून ‘मालक’. बोलायला अतिशय गोड. गॅलरीत नेऊन त्याने उतार दाखवला. "हितं पाणी चढायचं म्हटलं तर आधी निम्मं कोल्हापूर बुडायला पायजे, वहिनी. काळजीच करू नगासा." नळाला पाणी किती वाजता येतं, स्कूलबस कुठे थांबते, मुलांचे डॉक्टर कुठे बसतात, सगळं त्याने न विचारता सांगितलं, आणि त्यातलं एकही खोटं निघालं नाही. हे मुद्दाम सांगते आहे. फसवणारा माणूस प्रत्येक वाक्य खोटं बोलत नाही. पडताळून बघता येईल ते सगळं खरं सांगतो, आणि खोटं एकच ठेवतो, की घर माझं आहे.

त्या भागात तसल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला आम्हाला दहा हजारांच्या आसपास भाडं सांगत होते. हा म्हणाला, तीन लाख डिपॉझिट द्या आणि भाडं महिन्याला फक्त दोन हजार. धंद्यात भांडवल अडकलंय, बँकेला व्याज भरण्यापेक्षा तुमच्यासारख्या कुटुंबाला सवलत दिलेली बरी, अकरा महिन्यांनी पूर्ण रक्कम परत. याला हेवी डिपॉझिट म्हणतात, आणि सगळेच असे व्यवहार खोटे नसतात. पण हिशोब मांडून बघा. महिन्याला आठ हजार वाचले तर अकरा महिन्यांत ८८ हजार होतात. तीन लाखांवर वर्षाच्या आत २९ टक्के. एवढ्या दराने पैसा वापरणाऱ्या माणसाला बाहेर कुणी उधार देत नसणार. भाड्यात इतकी मोठी सवलत दिसली की ती मालक देतोय, की मालकाच्या नावावर दुसराच कुणी, हे आधी तपासा.

कागद मिस्टरांनी मागितले होते. लाईट बिल बिल्डरच्या नावाचं निघालं. नाव बदलायचं राहून गेलंय म्हणाला, आणि बऱ्याच इमारतींत खरंच तसं असतं. मग घरफाळ्याच्या पावतीची झेरॉक्स दिली. ती अजून आमच्याकडे आहे. फ्लॅट नंबर, रक्कम, तारीख सगळं जागच्या जागी. फक्त नावाची ओळ बाकीच्या ओळींपेक्षा केसभर वर चढलेली आणि तिची अक्षरं किंचित जाड. मूळ पावतीवर दुसऱ्या नावाची पट्टी चिकटवून झेरॉक्स काढली होती. चौकीत हवालदारांनी कागद उजेडाकडे तिरका धरून दाखवलं, तेव्हा ते नीट दिसलं.

नोंदणीचा विषय काढला की त्याचं उत्तर तयार असायचं. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी बास होते." हे महाराष्ट्रात निम्म्या लोकांना खरं वाटतं, पण ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि त्याने ती टाळली तर दंड किंवा कैदेची शिक्षा होऊ शकते. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, म्हणजे खर्चाचीही सबब उरत नाही. त्याला नोंदणी नको होती ती अंगठ्यामुळे. ऑनलाइन नोंदणीत मालकाचा अंगठा आधारशी जुळवून घेतात. खोट्या नावाच्या माणसाला ते परवडत नाही.

आम्ही राहायला गेलो, मुलगी शाळेत रुळली, दिवाळीही झाली. त्यानंतर एका सकाळी दारात एक वयस्कर जोडपं उभं. पुण्याला मुलाकडे राहणारे खरे मालक. त्यांनी फ्लॅट त्या माणसाला रीतसर नोंदणी करून दहा हजार भाड्याने दिला होता. आमच्याच तीन लाखांतून तो त्यांना दरमहा दहा हजार पाठवत राहिला, म्हणून इतके दिवस कुणाला संशय आला नाही. पैसे यायचे बंद झाले तेव्हा ते बघायला आले. मूळ मालकांच्या लेखी आम्ही कुणीच नव्हतो, आमचा करार त्यांच्यावर बंधनकारक नव्हता. तरी त्या आजींनी घरात येऊन धाकट्याला मांडीवर घेतलं आणि दुसरं घर मिळेपर्यंत राहा म्हणाल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. एजंट म्हणाला, मी फक्त घर दाखवलं, व्यवहार तुम्ही केला. दलाली त्याने पूर्ण महिन्याची घेतली होती.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा दिवाणी वाद आहे’ असंच ऐकायला मिळालं. तसं म्हणून परत पाठवलं तर घरी येऊन गप्प बसू नका. भाड्याचे पैसे थकणं वेगळं आणि मालक नसताना मालक म्हणून पैसे घेणं वेगळं. दुसरी गोष्ट सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. आम्ही बनावट पावती, नोटरीचा करार, बँकेचं स्टेटमेंट आणि मूळ मालकांचा नोंदणीकृत करार एकत्र जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि मग गुन्हा दाखल झाला. तीन लाखांपैकी दोन लाख खात्यावरून गेले होते, त्यांचा पुरावा आहे. एक लाख त्याने ‘कामगारांचा पगार द्यायचाय’ म्हणून रोख घेतले. त्यांच्यासाठी आता साक्षीदार शोधावे लागत आहेत. रोख मागणाऱ्याला नाही म्हणा, त्याने घर दुसऱ्याला दिलं तरी चालेल.

आताचं घर घेताना आम्ही नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या मिळकतीची सूची क्रमांक २ आधी बघितली. खरेदी कुणाच्या नावावर आहे ते तिथे कळतं, आणि भाडेकराराची नोंद झाली असेल तर तीही सापडू शकते. हे आपल्यालाच बघावं लागतं, कारण भाडेकराराची नोंदणी करताना घर खरंच त्या माणसाचं आहे का, हे सरकार तपासत नाही. घरफाळ्याची पावती झेरॉक्स नको, मूळ बघायला मागा. सोसायटीच्या सेक्रेटरींना एजंट बाजूला नसताना भेटा. आमच्या जुन्या इमारतीतल्या सेक्रेटरींना मालक पुण्याला असतात हे माहीत होतं, पण आम्हाला त्यांनी मालकांचे पाहुणे समजलं होतं. तशी ओळख त्या माणसानेच करून दिली होती.

गुन्हा दाखल झाल्यावर कळलं, की त्याच फ्लॅटसाठी त्याने आणखी दोन कुटुंबांकडून टोकन घेतलं होतं. त्यातल्या एकांनी रक्कम लहान म्हणून तक्रार केली नव्हती. आम्ही त्यांच्या घरी जाऊन बोललो, आणि आता त्यांचाही जबाब नोंदवला आहे. तपास अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, की एकाच माणसाविरुद्ध अनेकांचे जबाब आले तर व्यवहार फिसकटला असं त्याला म्हणता येत नाही. कळंबा, संभाजीनगर, जरगनगर या भागांत मालक म्हणून भेटलेल्या माणसाला टोकन देऊन कुणाचं घर हुकलं असेल, तर रक्कम पाच हजार असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.