लहान ओढीचं कंपाउंड धनुष्य बाईच्या हातात: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ही नोंद शिकारीसाठी बनवलेल्या, पण लक्ष्यावरच वापरलेल्या कंपाउंड धनुष्याची, म्हणजे दोन्ही टोकांना कॅम नावाची चाकं असलेल्या धनुष्याची आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे शिकार हा गुन्हा आहे. यावल किंवा अनेर धरण अभयारण्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेणंही चालत नाही, त्यामुळे धनुष्य गाडीत टाकून सातपुड्यात फिरायला जाऊ नये. ब्रॉडहेड (शिकारीची धारदार पात्यांची टोकं) विकत घेऊच नका, १०० ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाची साधी टोकं, पुरतात.

मग शिकारीचं मॉडेल का? स्पर्धेची धनुष्यं लांब, जड आणि महाग असतात, आणि बहुतेकांची ओढ (दोरी किती मागे येते ते अंतर) ठरावीक पट्ट्यातच बदलते. शिकारीच्या सेटमध्ये ओढ आणि पाउंड (ओढायला लागणारा जोर) दोन्ही फार मोठ्या पट्ट्यात बदलणारी मॉडेलं आहेत. डायमंड इन्फिनिट एज प्रो किंवा बेअर क्रूझर जी-२ या त्याच जातीतल्या. ॲलन की लावायची आणि घरी बदल करायचा. अंगाचा अंदाज अजून न आलेल्या मुलीला याचा फार उपयोग होतो. खालचा अनुभव या जातीचा आहे, एखाद्या कंपनीचा नाही.

वापर असा: उंची ५ फूट १ इंच, हातांचा पसारा १५६ सेंटिमीटर, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ४० ते ५० बाण. धनुष्य ॲक्सल ते ॲक्सल (एका कॅमच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत) ३१ इंच, ब्रेस हाइट (न ओढता मुठीपासून दोरीचं अंतर) ७ इंच, लेट-ऑफ (पूर्ण ताणावर जोर जितका कमी होतो तो) ८० टक्के.

सगळ्यात आधी ड्रॉ लेंग्थ म्हणजे ओढ, पाउंड नंतर. भिंतीला पाठ लावून हात सरळ पसरायचे आणि मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं माप इंचात काढून त्याला २.५ ने भागायचं. १५६ सेंटिमीटर म्हणजे ६१.४ इंच, भागून येतात साडेचोवीस. ही फक्त सुरुवात. खरी ओढ पूर्ण ताणल्यावर चेहऱ्यावर कळते: दोरी नाकाच्या टोकाला हलकी टेकली पाहिजे आणि मान सरळ राहिली पाहिजे. दोरीपर्यंत पोचायला मान मागे जात असेल किंवा सुटलेली दोरी कोपराच्या आतल्या बाजूला मारत असेल, तर ओढ जास्त आहे. खांदे वर चढून कानाला लागायला आले तर कमी आहे. दुकानात बाईच्या हातात अनेकदा २७-२८ इंचांवर लावलेलं धनुष्य देतात आणि तिला ते ओढता येतं, म्हणून ते बरोबर समजलं जातं. निशाणा डावीकडे-उजवीकडे पसरतो तो मुख्यतः इथून. पाउंड वाढवून तो सुधारत नाही.

ओढ बदलताना दोन्ही कॅमवरचं मॉड्यूल (ओढ ठरवणारा तुकडा) एकाच खुणेवर हवं. एक खूण चुकली की पूर्ण ताणावर दोन्ही ड्रॉ स्टॉप (ओढ थांबवणारे अडसर) एकदम टेकत नाहीत आणि बाण वर-खाली नाचत जातो. स्क्रू घट्ट केल्यावर कुणाला तरी बाजूला उभं करून दोन्ही स्टॉप एकदम टेकतात का बघून घ्या.

पाउंडाची जाहिरात ५ ते ७० अशी असते. पण कमी ड्रॉ लेंग्थवर या धनुष्यांत वरचा आकडा गाठलाच जात नाही. २८ पाउंडांवरून सुरुवात करून दर तीन आठवड्यांनी दोन-दोन वाढवत ३८ वर थांबलं की नीट चालतं. खुर्चीवर बसा, धनुष्य लक्ष्याच्या उंचीवर सरळ समोर धरा आणि तसंच ओढा. धनुष्य आभाळाकडे उचलावं लागत असेल तर पाउंड जास्त आहेत. पूर्ण ताणावर तीस सेकंद धरता आलं पाहिजे. ८० टक्के लेट-ऑफमुळे ३८ पाउंडांतले साडेसातच हातावर येतात, म्हणून धरणं सोपं आणि शिखर (ओढताना सगळ्यात जास्त जोर लागतो ती जागा) ओलांडणं अवघड. खांदा दुखतो तो तिथेच. लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) धरणारे आणि पाउंड बदलणारे लिंब बोल्ट फिरवण्याआधी लॉक स्क्रू सैल करा, वरचा आणि खालचा सारखेच फेरे फिरवा आणि पुस्तिकेत दिल्यापेक्षा जास्त फेरे बाहेर काढू नका.

वेगाच्या आकड्याला भुलू नये. पाकिटावरचा ३०० फूट प्रति सेकंदाच्या पुढचा आकडा ७० पाउंड, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनच्या बाणावर मोजलेला असतो. ओढीचा प्रत्येक इंच कमी झाला की साधारण दहा फूट जातात, पाउंड उतरवले की आणखी. साडेचोवीस इंच आणि ३८ पाउंडांवर दोनशेच्या आसपास धरून चाला. वीस-तीस मीटरला ते भरपूर आहे. ५० मीटरला साइटचा (नेम धरायच्या उपकरणाचा) पिन बराच खाली उतरवावा लागतो.

बाण ६०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा), २६ इंच, पॉइंटसकट ३३० ग्रेनच्या आसपास. आकडा मोठा तितका बाण लवचिक. पुरुषाच्या सेटमधले ४०० चे उरलेले बाण वापरले तर या पाउंडांना ते ताठ पडतात आणि उजव्या हाताने मारणारीचे डावीकडे जातात. एका नामांकित नसलेल्या दुकानाने सेटसोबत असेच बाण दिले होते, तेवढा खर्च वाया गेला. प्रत्येक फेरीआधी कार्बनचा बाण कानाजवळ हलका वाकवून बघा. कुरकुर आली की तो बाजूला. फुटलेला कार्बन बाण हातात घुसतो.

रिलीज (दोरी पकडून ट्रिगरने सोडणारं साधन) मनगटाच्या पट्ट्याची घेतली. बारीक मनगटावर पट्टा घसरतो, तेव्हा आतलं भोक जास्तीचं पाडून घ्यावं लागतं. ओढताना बोट ट्रिगरच्या मागे, ताण पूर्ण झाल्यावरच पुढे. तीरकामठ्याची सवय असलेल्या हाताला बोटांनीच ओढावंसं वाटतं. इतक्या आखूड धनुष्यावर तसं करू नये. दोरी बोटांत चिमटते आणि कॅमवरून उतरू शकते.

कपड्यांचं सांगणारे कमी भेटतात. ओढणी किंवा पदर मागे खोचा, मंगळसूत्र आत घाला किंवा काढून ठेवा, धनुष्याच्या हातातल्या बांगड्या उतरवा, लोंबते कानातले नकोत, वेणी पाठीवर. सैल कुर्त्याचा पुढचा भाग दोरीत अडकतो, म्हणून चेस्ट गार्ड घ्यावं. ते छातीसाठी कमी आणि कापड दाबून ठेवायला जास्त लागतं. आखूड ओढीचा एक फायदा असा की ३१ इंचांच्या धनुष्यावरही दोरीचा कोन फार टोकदार होत नाही, त्यामुळे नाक दाबलं जात नाही.

धनुष्य नुसतं दीड किलोच्या आत, पण साइट, रेस्ट (बाण टेकवायचा आधार), स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा) आणि भरलेला क्विव्हर (बाणांचा भाता) लावल्यावर दोनच्या वर जातं. मारताना क्विव्हर काढा.

आता खानदेशातला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. तिथे धनुष्य ठेवलं की दोरी ताणते, पीप (दोरीत बसवलेलं नेम धरायचं भोक) फिरतं, कॅमचं टायमिंग बिघडतं आणि बाणाच्या पिसांचा गोंद सुटतो. पीप फिरलेलं दिसलं तर डी-लूप (दोरीवरचा रिलीज अडकवायचा फास) पिळून ते बसवण्याआधी ड्रॉ स्टॉप तपासा. सकाळी सहा ते आठ हीच वेळ चांगली, नंतर फुफाटा उठतो. दोरीला पंधरा दिवसांनी मेण लावायचं, सर्व्हिंगवर (दोरीवर गुंडाळलेल्या धाग्यावर) नाही. पावसाळ्यात ॲक्सल कोरडे पुसून थेंबभर तेल लावायचं.

लक्ष्यासाठी गोणीत जुन्या साड्या आणि चिंध्या पायाने तुडवून गच्च भरा. कडब्याच्या पेंढीतून बाण आरपार जातो. मागे बांध हवाच. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात आणि चुकलेला बाण भेगेत गेला की सापडत नाही, म्हणून मागे जुनी ताडपत्री सैल टांगा.

बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. बाहेर जाणारी ताकद लिंब आणि कॅममध्येच मुरते. एखाद्या पाहुण्याने चुकून सोडली तर कापसाचा बोळा लिंबांवरून फिरवा. धागा अडकला तिथे तडा आहे, मग ते धनुष्य ओढू नका. दोरी उतरवायला बो-प्रेस (लिंब दाबून धरणारं यंत्र) लागतो आणि तो गावोगावी नसतो, म्हणून खरेदीच्या वेळीच एक जादा दोरी आणि केबलचा संच मागून ठेवा.