सात गोचिडी आणि ११,४५० रुपये

गोचिडासारखा चिकटला, असं आपण उठता-बसता म्हणतो. तरीही एका माणसाने माझ्या डोळ्यांदेखत आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या पाठीवरून एकदाच फणी फिरवली, पांढऱ्या रुमालावर सात गोचिडी झाडल्या आणि मी विश्वास ठेवला. ११,४५० रुपये मोजले. बावीस वर्षं घरात कुत्री आहेत, म्हणून हे लिहायला जास्तच लाज वाटते. पण गप्प बसले तर तो उद्या तुमच्या दारात उभा राहील.

चिंगी सहा वर्षांची, अंगावर दाट लांब केस. तिला आंघोळ मीच घालायचे. यंदा गुडघा दुखावला, तिला उचलणं जमेना, म्हणून घरी येऊन आंघोळ घालणाऱ्याला बोलावलं. यात माझं काय चुकलं? पहिल्या दिवशी त्याने नखं नीट कापली, कान पाहिले, तिच्याशी लाडाने बोलला. मग ती फणी काढली.

"काकू, एक मादी हजारो अंडी घालते. भिंतीच्या फटीत, सोफ्याखाली. घरात बाळ रांगतंय ना?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच खरी मेख. गोचीड खरंच फटीफटीत हजारोंनी अंडी घालते, तिच्यामुळे कुत्र्याला टिक फीवर होतो, आणि माझी दहा महिन्यांची नात त्याच वेळी त्याच फरशीवर रांगत होती. तिच्याकडे बघून मी हो म्हटलं. आठ 'औषधी आंघोळीं'चे ९,६०० आगाऊ, घरात फवारणीचे १,८५०. दोन्ही रकमा फोनवरून तिथल्या तिथे पाठवल्या. पावती संध्याकाळी पाठवतो म्हणाला. ती संध्याकाळ अजून उजाडायची आहे.

आता तो रुमाल. रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. सातही गोचिडी निपचित होत्या. पाय आत मुडपलेले, अंग वाळून कोळ झालेलं, एकीला तर पायच नव्हते. जिवंत गोचीड कातडीत तोंड रुतवून बसते. तिला चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावं लागतं, तेव्हा कुठे सुटते, आणि मागे लालसर खूण राहते. रुमालावर टाकली तर ती चालू लागते. हे सगळं मला माहीत होतं. मी शेकडो गोचिडी या हातांनी काढल्यात! 'या मेलेल्या कशा?' असं मनात आलंसुद्धा. तो लगेच म्हणाला, "फणीला औषध लावलंय." शिवाय बारा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी चिंगीच्या मानेवर गोचिडांसाठीचे थेंब टाकले होते, त्यानेच मेल्या असतील असं मीच मला समजावलं. केस बाजूला करून एक खूण शोधली असती तर अर्ध्या मिनिटात त्याचं पितळ उघडं पडलं असतं. मी ते केलं नाही.

आठातल्या दोनच आंघोळी झाल्या. त्याही झाल्या नसत्या तर बरं झालं असतं. "मालक समोर असला की कुत्रं हट्ट करतं" म्हणत त्याने बाथरूमचं दार आतून लावलं. चार मिनिटांत नळ बंद. औषधी शाम्पू अंगावर साधारण दहा मिनिटं ठेवावा लागतो, तेव्हा त्याचा गुण येतो. म्हणजे हा लावून लगेच धूतही होता! केस विंचरले नाहीत, तसेच ओले केले. गुंता ओला झाला की गाठी आणखी आवळतात. कानात कापूस नाही. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, पाणी शिरलं की सहज निघत नाही. वर गरम ड्रायर पोटाशी धरलेला. नंतर बाथरूममध्ये फिनेलसारखा वास येत होता. मी खिडकी उघडली, आणि विचारलं काहीच नाही.

दुसऱ्या आंघोळीनंतर चिंगीचं पोट लालभडक झालं. रात्रभर खाजवत होती, मान झटकत होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कसल्यातरी तीव्र द्रवाने कातडी पोळली आहे, कानात संसर्ग आहे, आणि गोचीड चावल्याची एकही खूण अंगावर नाही. उपचारांचे ३,२७५ गेले. एकूण १४,७२५. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

पोलिसांकडे गेले. तिथे पहिला प्रश्न, "कुत्र्याच्या आंघोळीसाठी एवढे पैसे दिलेच कशाला?" दुसऱ्या खेपेला म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, गुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच मागितली तर साहेब जागेवर नाहीत. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले. ज्या अ‍ॅपवर तो सापडला ते म्हणतात आम्ही फक्त ओळख करून देतो. मात्र मी लिहिलेला वाईट अभिप्राय त्यांनी दोन दिवसांत काढून टाकला. ग्राहक तक्रारीच्या फोनवर चाळीस मिनिटं थांबले, तर पावतीशिवाय तक्रार कमकुवत आहे म्हणाले. अहो, पावती देत नाही तोच तर चोर! एका जिवंत, मुक्या जिवाची कातडी पोळली, आणि हे कोणाच्याच कामात बसत नाही? मी गुडघा धरून जिने चढत होते, आणि प्रत्येक टेबलावर मीच मूर्ख ठरत होते.

दार लावू देऊ नका. कुत्र्याचा शाम्पू तुमचा, तुमच्यासमोर उघडलेला हवा. लेबल नसलेल्या डब्यातलं काहीही नको. माणसांचा शाम्पूही नको, कुत्र्याची कातडी वेगळी असते. पाणी कोमट, पायाखाली रबरी चटई, तोंड फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा, राहिलेला शाम्पूही खाज आणतो. मानेवर थेंब टाकले असतील तर पुढची आंघोळ कधी, ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर औषध धुऊन जातं. आगाऊ पैसे एका आंघोळीचेही देऊ नका. आणि कोणी गोचीड दाखवली तर आधी विचारा, कुठून काढली ती जागा दाखव.

चिंगी आता बाथरूमच्या उंबऱ्यावर बसकण मारते, आत येत नाही. मी अंगणात स्टुलावर बसून तिला मगाने आंघोळ घालते, वेळ लागतो. त्या सात गोचिडी मी काचेच्या बाटलीत ठेवल्या आहेत. पोलिसांनी बाटली हातातही घेतली नाही. याच माणसाने तुम्हालाही फसवलं असेल तर तुमचा अर्ज द्या, मी बाटली घेऊन तुमच्याबरोबर येते.