कोटेशनमध्ये फोर्जिंग, ब्लॉकमध्ये कास्टिंग

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका मशीन शॉपने माझ्याकडून फोर्जिंगच्या, म्हणजे घडवलेल्या स्टीलच्या क्रँकचे पैसे घेतले आणि इंजिनात कास्टिंगचा, म्हणजे ओतीव क्रँक बसवून दिला. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वरखाली धावण्याने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा. मापं सगळी बरोबर होती, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. माप चुकलं असतं तर चोरी मायक्रोमीटरनेच पकडली असती.

आमच्या काकांनी सांभाळलेला एक जुना अमेरिकन पिकअप आहे. त्यात शेवरलेचं ३५० स्मॉल ब्लॉक, व्ही-८. ३५० म्हणजे क्यूबिक इंच, आपल्या हिशोबात ५.७ लिटर. त्याचं मला ३८३ करायचं होतं. स्ट्रोकर म्हणतात ते हेच. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास थोडा वाढतो, पण खरी वाढ क्रँकच्या थ्रोमधून, म्हणजे त्याच्या बाकाच्या लांबीतून निघते. मूळ बोअर ४ इंच, तो ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवायचा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३.४८ इंचांचा ३.७५ करायचा. ब्लॉकची उंची तीच राहते आणि पिस्टन जवळजवळ ७ मिलिमीटर जास्त धावतो, त्यामुळे पिनचं भोक वर सरकलेले वेगळे पिस्टन लागतात. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या रॉडचे बोल्ट खाली ब्लॉकच्या कडेला घासतात, तिथे ग्राइंडर मारून जागा करावी लागते. वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या लोबपासूनही रॉडचं अंतर तपासावं लागतं. ही कामं त्या शॉपने नीट केली होती. कारागीर उत्तम, मालक लबाड, अशी जोडी आपल्याकडे दुर्मिळ नाही.

हा ३.७५ आकडा आला कुठून, ते कळलं की फसवणूक कळते. शेवरलेने १९७० ते १९८० या काळात ४०० क्यूबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक बनवलं, त्याचा हा स्ट्रोक. त्या क्रँकचं मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकच्या बेअरिंगमध्ये बसणारा भाग, २.६५ इंच, तर ३५० च्या ब्लॉकला २.४५ लागतं. म्हणून तिकडचे जुने लोक ४०० चा क्रँक ग्राइंडिंगला लावून मेन २०० थाऊ उतरवायचे आणि ३५० मध्ये टाकायचे. ३८३ जन्माला आलं ते असं. रस्ता स्वस्त आहे, प्रामाणिक आहे, साध्या वापराला तो क्रँक चालतोही. पण कंपनीचे ४०० चे क्रँक सगळे ओतीव, एसजी आयर्नचे, म्हणजे एका जातीच्या बिडाचे. मला पुढे इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवायचा होता, त्याचा ताण सोसायला ४३४० ग्रेडच्या स्टीलचा, घडवलेला क्रँक मी मागितला. व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं तेही तसंच: ‘४३४० फोर्ज्ड, इंटर्नल बॅलन्स’. किमतीतला फरक इतका की तेवढ्यात दोन्ही हेडचं काम निघालं असतं.

ॲडव्हान्स गेला आणि कहाण्या सुरू झाल्या. माल न्हावाशेवाला अडकलाय, कस्टमवाले सुट्टीवर आहेत, एजंटाचा फोन लागत नाही. मी बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयात मालाच्या कस्टमच्या कागदाचा नंबर मागितला. तो कधीच आला नाही. माल खरोखर बंदरातून सुटला असेल तर हा नंबर असतोच, आणि नंबर, तारीख, बंदर माहीत असेल तर कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर तपासता येतो. ‘शेठ, ते आमचं अंतर्गत असतं,’ असं उत्तर मिळालं तर पुढचा हप्ता तिथेच थांबवा.

शेवटी शॉर्ट ब्लॉक, म्हणजे हेडशिवायचा इंजिनाचा खालचा भाग, आला तो पूर्ण जोडलेला. सम्प, म्हणजे तळाची ऑइलची परात, लावलेला, बोल्टवर रंगाचे ठिपके आणि वर ताकीद, ‘सील तोडलं तर वॉरंटी गेली.’ पक्क्या बिलात लिहिलं होतं फक्त ‘क्रँकशाफ्ट, १ नग’. धातूचं नाव नाही, ‘फोर्ज्ड’ शब्द नाही.

खोट सापडली ती क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डँपरमुळे, म्हणजे कंप शोषणाऱ्या चाकामुळे. क्रँक इंटर्नल बॅलन्सचा असेल तर तोल साधायचं सगळं वजन त्याच्याच काउंटरवेटमध्ये, म्हणजे अंगच्या तोलवजनात असतं, डँपर आणि मागचं जड चाक, फ्लायव्हील, न्यूट्रल असतात. ४०० चा क्रँक एक्स्टर्नल बॅलन्सचा असतो. त्याच्या काउंटरवेटमध्ये जे कमी पडतं ते डँपर आणि फ्लायव्हीलच्या एका बाजूला द्यावं लागतं. माझ्या इंजिनावरचा डँपर उघड उघड एका अंगाला जड होता. फोन केला तर मालक म्हणतो, ‘साहेब, हेवी ड्यूटी टाकलाय, तुमच्यासाठी.’

बिलात बॅलन्सिंगचे पैसे वेगळे लावले होते. मी बॉबवेट विचारलं. व्ही-८ चा क्रँक बॅलन्सिंग मशीनवर घेताना रॉड-पिस्टनच्या वजनाचा हिशोब करून प्रत्येक रॉड जर्नलवर तेवढं वजन बांधावं लागतं, त्याचा ग्रॅममधला आकडा कागदावर येतो. तो आकडा नसेल तर क्रँक मशीनवर चढलाच नाही, असं मी धरून चालतो. टॉर्क प्लेट लावून होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून बारीक घासून गोल केल्याचेही पैसे होते. हेडच्या जागी जाड प्लेट आवळून होनिंग करतात, म्हणजे बोल्ट कसल्यावर सिलिंडरचा आकार जसा बदलतो त्याच अवस्थेत तो गोल होतो. या इंजिनाची प्लेट दाखवा म्हटल्यावर ‘ती दुसऱ्या युनिटला गेलीय’.

वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या गाळ्यात आम्ही सम्प उघडला, पहिल्या बोल्टपासून मोबाइलवर चित्रीकरण करत. तिथे एक जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी टॉर्च मारला आणि काउंटरवेटच्या कडेवरची जोडरेषा दाखवली. फोर्जिंगच्या क्रँकवर डायच्या (साच्याच्या) दोन भागांची खूण रुंद पट्ट्यासारखी असते, पाच-सहा सूत सहज (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कास्टिंगवर ती बारीक असते, फार तर एक सूत. इथे बारीक रेषा होती आणि शेजारी कास्टिंग नंबर ३९५१५२९, म्हणजे ४०० चाच क्रँक. तरी मामांनी तो बाहेर काढून टांगला आणि पान्याने हलका टोला दिला. घडवलेलं स्टील घणघणत राहतं. हा ‘ठक’ करून गप्प झाला. ‘भंगारातून उचललाय रे,’ मामा म्हणाले, ‘पण ग्राइंडिंग मात्र झकास केलंय मेल्याने.’

मालकाची पहिली भूमिका: हाच फोर्ज्ड. दुसरी: सील तोडलंत, आता आमची जबाबदारी नाही. तिसरी: अर्धे पैसे घ्या, क्रँक परत द्या, विषय संपवा. बोलता बोलता हेही ऐकवलं, की बाहेरून ब्लॉक तोच, आरटीओला काय कळणार? इंजिनाची क्षमता आरसीवर लिहिलेली असते आणि तिच्याशी न जुळणाऱ्या बदलाला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. गाडी रस्त्यावर आणायची तर परवानगीचा प्रश्न गाडीच्या मालकाचा, शॉपवाल्याचा नाही.

पोलीस ठाण्यात नेहमीचं उत्तर मिळालं, ‘हा दिवाणी मामला आहे.’ फसवणूक पूर्वी ४२० मध्ये होती, आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये आहे, म्हणून लेखी अर्ज देऊन पोच घेतली. खरा भर ग्राहक आयोगावर ठेवलाय. शॉपच्या पत्त्यावरून तक्रार करायची तर राबाळे, महापे, तुर्भे हे ठाणे जिल्ह्यात येतात. शॉप कळंबोली-तळोज्याकडे असतं तर रायगड. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. गाडी धंद्याला लावलेली असेल तर समोरचा वकील ‘तुम्ही ग्राहकच नाही’ म्हणणार, माझी घरची आहे. व्हॉट्सॲपच्या कोटेशनसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

क्रँक परत नेण्यासाठी शॉपवाल्याचा माणूस अजून फोन करतो, आता अर्ध्याचे पाऊण झालेत. क्रँक मी ऑइल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गाळ्यातच ठेवलाय. आयोगापुढे निकाल लागेपर्यंत तो तिथून हलणार नाही.