जुने कुरआन, फाटके सिपारे: दफन, पाणी की आग?

घरात पानं सुटलेले सिपारे (कुरआनचे वेगवेगळे छापलेले भाग), वाळवी लागलेला एखादा कुरआन आणि बिस्मिल्ला छापलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा साठलाय, रद्दीवाल्याला द्यायला मन धजत नाही, अशांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे आजोबांच्या पेटीतलं हे सगळं काढलं तेव्हा आम्हालाही हाच प्रश्न पडला होता.

आधी आगीबद्दल, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. जाळणं म्हणजे बेअदबीच असं नाही. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी इसवी सन ६५० च्या सुमारास कुरआनच्या प्रमाण प्रती तयार करून बाकीच्या जाळायला लावल्या, आणि सौदीतले अनेक आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, आजही अदबीने जाळायला हरकत घेत नाहीत. हनफी परंपरेतले आलिम मात्र दफनच बरं म्हणतात. पण जाडजूड ग्रंथ जाळायला गेलं की कडा जळतात आणि आतली पानं तशीच वाचता येतात, म्हणजे एकेक पान सुटं करून राख होईपर्यंत उभं राहायला हवं. आणि लांबून बघणाऱ्याला तुमची नियत दिसत नाही, फक्त धूर दिसतो. २०१२ साली अफगाणिस्तानात बगरामच्या अमेरिकी लष्करी तळावर कुरआन जाळले गेले तेव्हा लोकांच्या मनाला किती लागलं आणि त्यात किती जीव गेले ते आपण बघितलंय. म्हणून वस्तीत तरी नको असं मला वाटतं.

पाणी सगळ्यात सोपं, आणि कोकणात आमच्याकडे तीच पद्धत. स्वच्छ कापडात बांधून, दगड लावून खाडीत सोडायचं. पण खाडीचं वाहतं पाणी सहा तासांनी उलट फिरतं हो! सुतळी सुटते, कापड फाटतं आणि ओहोटीला सोडलेलं भरतीला परत येतं. कालवं काढायला गेलेल्या बायकांना कांदळाच्या मुळांत अडकलेली पानं सापडायची, त्या बिचाऱ्या ती पदरात गुंडाळून घरी आणून वाळवायच्या. चिखल लागलेली ती आयत, कुरआनातली ओळ, बघितल्यापासून माझं मन पाण्यावरून उठलं ते उठलंच. पूर्वी काजळीची शाई पाण्याने धुऊन जायची, हल्लीची छापील शाई काही जात नाही, त्यात वर प्लॅस्टिकचं कव्हर. खोल समुद्रात जाणारा कुणी भरवशाचा माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

आम्ही शेवटी दफन केलं. जमातीला, म्हणजे मशिदीच्या मंडळींना, विचारून कब्रस्तानात जिथे कुणाचा पाय पडणार नाही आणि पावसाचं पाणी साचणार नाही असा उंचवट्याचा कोपरा घेतला, प्लॅस्टिकची कव्हरं आणि पुठ्ठे आधी काढले, सुती कापडात गुंडाळलं आणि माती थेट अंगावर पडू नये म्हणून वर चिरे आडवे लावले. मय्यतीला करतो तसंच. मेहनत आहे, जांभ्यात खणणं सोपं नाही, शहरातल्या कब्रस्तानात तर जागेचीच मारामार. पण दिलेलं परत येत नाही.

पाकिस्तानात क्वेट्टाच्या जबल-ए-नूरमध्ये १९९२ पासून डोंगरात बोगदे खणून जुने कुरआन ठेवतात, तेही छान, पण ते आपल्या हातातलं नाही. तुमच्या मशिदीत जुन्या पानांची पेटी असेल तर ती पानं पुढे कुठे जातात एवढं मात्र विचारून घ्या.

आणि हाताने लिहिलेली प्रत निघाली तर दफन करायची घाई नको. येमेनमधल्या सना शहराच्या जामा मशिदीत १९७२ साली दुरुस्ती करताना अशाच बाजूला ठेवलेल्या जुन्या पानांचा ढीग सापडला, त्यातली काही हिजरीच्या पहिल्या शतकातली, म्हणजे साधारण इसवी सनाच्या सातव्या शतकातली आहेत. आधी कुणा जाणकाराला दाखवा.