देहदान की अवयवदान? फॉर्म भरण्याआधी एवढं वाचा

साठी ओलांडली की हा विषय घरात निघतो. सोसायटीतल्या शिबिरात कुणी फॉर्म वाटतं, कुणी म्हणतं देहदान करा, कुणी म्हणतं अवयवदान. दोन्ही फॉर्म मी भरलेत. दोन्ही वाटांवर घरातलं माणूस पोहोचवायची वेळही माझ्यावर आली. तुम्ही ठरवत असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी एक गैरसमज दूर करतो. ही दोन दानं एकाच कायद्याखाली येत नाहीत. देहदानाच्या मुळाशी १९४९ चा मुंबईचा शरीररचनाशास्त्राचा कायदा आहे. बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी मिळावेत म्हणून तो झाला, स्वेच्छेने देह देण्याची सोय त्यात मागाहून आली. अवयवदानाचा कायदा १९९४ चा, किडनीच्या बाजाराला आळा घालण्यासाठी केलेला. १९९५ च्या फेब्रुवारीत तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचलात लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीत त्यात डोळे, त्वचा, हाडं यांसारख्या ऊतींचाही समावेश झाला. हा इतिहास सांगतोय कारण दोन्ही कायद्यांचा स्वभाव त्यातून आलाय. पहिल्यात देह कॉलेजच्या दारापर्यंत आणणं घरच्यांकडेच राहतं. दुसऱ्यात दर पावलावर तपासणी आहे आणि विचारायला येणारं माणूसही ठरलेलं आहे. माझा कौल याच फरकाने फिरवला.

आईने मरणाच्या नऊ वर्षं आधी देहदानाचा फॉर्म भरला होता. साक्षीदार म्हणून सही माझी. लॅमिनेट केलेलं कार्ड ती पोथीच्या बासनात ठेवायची. ती गेली दिवाळीच्या पाडव्याला, पहाटे सव्वातीनला, घरीच. आमचं गाव तालुक्याचं, जवळचं मेडिकल कॉलेज सत्तर किलोमीटरवर. कार्डावरचा नंबर शरीररचनाशास्त्र विभागाच्या ऑफिसचा, लँडलाइन. मी तो किती वेळा फिरवला असेन, मोजलं नाही. रिंग जात राहायची. मग हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर केला. तिथल्या माणसाने अदबीने सांगितलं की विभाग सुट्टीनंतर उघडेल, तोवर देह शीतपेटीत ठेवा, येताना डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणा. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात शीतपेटी नव्हती. नेहमीचे डॉक्टर सणासाठी गावी गेले होते. दुसऱ्या डॉक्टरांना उठवून ४-अ नमुन्यातला, म्हणजे घरी झालेल्या मृत्यूचा, दाखला मिळवेपर्यंत उजाडलं.

कॉलेजवर माझा राग नाही. दिवाळीला माणसं घरी जाणारच. पण आई समोर अंथरुणावर, बहीण रडतेय, आणि मी खिडकीशी उभा राहून रिंग मोजतोय, हे अजून आठवलं की घशाशी येतं.

नेत्रपेढीचा फोन मात्र साडेचारला लगेच उचलला गेला. पलीकडच्या मुलीने पहिल्यांदा विचारलं, "पंखा चालू आहे का? बंद करा." मग डोळे मिटा, पापण्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. सहाच्या सुमारास दोन मुलं मोटरसायकलवरून आली. मृत्यूपासून साधारण सहा तासांत काम व्हावं लागतं, आमच्या हाताशी अजून वेळ होता. एकाने माझी सही घेतली, दुसऱ्याने बोटभर रक्त घेतलं. वीस मिनिटांत झालं. आईचा चेहरा होता तसाच होता. दुपारी तिला स्मशानात नेलं. दिलेल्या शब्दातला तेवढाच भाग मला पाळता आला.

अवयवदानाचा अनुभव पुण्यातला. मामेभाऊ, वय अडतीस, हायवेवर अपघात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो मेंदूमृत असल्याचं, म्हणजे यंत्रावर श्वास चालू असला तरी मेंदू कायमचा बंद पडल्याचं सांगितलं. वहिनीजवळ हॉस्पिटलच्या अवयवदान समन्वयक बाई येऊन बसल्या. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "तुम्ही नाही म्हणालात तरी काही हरकत नाही." अतिदक्षता विभागात असं विचारणं हे कायद्याने हॉस्पिटलचं कर्तव्य आहे, घरच्यांना फोन शोधत बसावं लागत नाही. याशिवाय निदान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासण्या, चार डॉक्टरांच्या सह्या, अपघात म्हणून पोलिसांचे कागद, शवविच्छेदन. होकार दिल्यानंतरचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकायचा नाही असा नियमच आहे. आमच्याकडूनही कुणी मागितला नाही. दुसऱ्या दिवशी अकराला देह आमच्या ताब्यात आला, अंत्यविधी रीतीने झाले.

हे सोपं होतं असं मी म्हणणार नाही. छाती वरखाली होतेय, हात गरम आहे, पडद्यावर ठोके दिसतायत, आणि माणूस गेलाय असं सांगतात. वहिनी तो हात धरून कितीतरी वेळ बसली होती. देहदानात हा प्रसंग येत नाही, तिथे मृत्यू सगळ्यांना दिसतो. ज्या घराला हे सोसणार नाही त्यांना मी आग्रह करणार नाही.

शिवाय असं अवयवदान हॉस्पिटलमध्ये, व्हेंटिलेटरवर मेंदूमृत झालेल्यांचंच होतं. आपल्यातले बहुतेक जण तसे जात नाहीत. घरी हृदय थांबलं की किडनी, यकृत कामाला येत नाहीत. उरतात मुख्यतः डोळे आणि त्वचा. त्वचेसाठी ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारखी पेढी आवाक्यात हवी. म्हणून खेड्यापाड्यातल्या माणसाने नुसतं अवयवदानाचं कार्ड बाळगून निश्चिंत राहू नये.

देहदानाचं मोल मी कमी लेखत नाही. एका देहावर मुलं वर्षभर शिकतात, सुरुवातीला त्याच्यापुढे शपथ घेतात. हिंगोली जिल्ह्यात कडोळीला जन्मलेले समाजसेवक नानाजी देशमुख २०१० मध्ये चित्रकूटला गेले आणि त्यांचा देह दिल्लीच्या एम्सपर्यंत पोहोचला. पण त्यांच्यामागे धावपळ करणारी पुष्कळ माणसं होती. आपल्या घरी त्या रात्री किती जण असतील, हे फॉर्म भरतानाच डोळ्यांपुढे आणावं. कॉलेजं देह नाकारूही शकतात. शवविच्छेदन झालेलं असेल, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी (काविळीचा एक प्रकार) असेल, तर सहसा घेत नाहीत. अवयव काढलेला देहही बहुधा घेत नाहीत, कारण टिकवण्याचं औषध रक्तवाहिन्यांतून भरतात आणि त्या कापलेल्या असल्या की ते आत राहत नाही. डोळे दिलेले मात्र चालतात.

फॉर्म भरताना एक गोष्ट सांभाळा. अवयवदानाच्या प्रतिज्ञेवर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक तरी जवळचा नातेवाईक हवा. त्या व्याख्येत नवरा-बायको, मुलं, आईवडील, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं येतात. सून किंवा जावई येत नाही. आईची शेवटची पाच वर्षं सेवा माझ्या बायकोने केली, पण ही सही तिची चालली नसती. आणि कार्ड असलं तरी प्रत्यक्षात घरच्यांना विचारलंच जातं. एकाचाही विरोध असेल तर सहसा पुढे जात नाहीत. तेव्हा परदेशातल्या भावालासुद्धा आधी सांगून ठेवा.

शहरात राहत असाल, कॉलेज जवळ असेल, चोवीस तास फोन घेणारा माणूस तिथे असेल, तर देहदान जरूर करा. रात्री दोनला एकदा तो नंबर लावून बघा आणि मग सही करा. माझ्यापुरतं म्हणाल तर मी घरात क्रम सांगून ठेवलाय. हॉस्पिटलमध्ये मेंदूमृत झालो तर अवयव. घरी गेलो तर डोळे, जमल्यास त्वचा. सगळं जुळून आलं आणि कॉलेजने घेतला तरच देह, नाहीतर अग्नी द्या. एकाच्या नादात दुसरं घालवू नका, असं मुलीला बजावलंय. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. दर तीन महिन्यांनी त्यावरचे नंबर मी स्वतः फिरवून बघतो. गेल्या खेपेला नेत्रपेढीचा बदललेला निघाला, जुना खोडून नवा मोठ्या अक्षरात लिहिला.