मार्थेला पाठवावे असे शिबिर: तीन दिवसांच्या मौनाविषयी अभिप्राय

ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सेवेत वर्षानुवर्षे राबणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी भरवलेल्या तीन दिवसांच्या मौन-शिबिराला मी नुकताच जाऊन आलो. शब्बाथशाळा, आजाऱ्यांच्या भेटी, वर्गणीचा हिशेब आणि प्रत्येक सभेआधी खुर्च्या मांडणे ही कामे अंगवळणी पडलेल्या माणसाला गप्प बसवणे सोपे नसते. ते या शिबिराने पुष्कळ अंशी साधले. काही गोष्टी मात्र खटकल्या आणि त्याही येथे लिहिणे आवश्यक वाटते.

तिन्ही दिवसांच्या मननासाठी बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील 38 ते 42 एवढी पाचच वचने निवडली होती. प्रभू येशू घरी आला असता मार्था पाहुणचारात गुंतते, तिची बहीण मरीया त्याच्या चरणांशी ऐकत बसते, मार्था तक्रार करते आणि मरीयेने चांगला वाटा निवडला असे प्रभू म्हणतो. हा प्रसंग ऐकून ऐकून इतका गुळगुळीत झाला आहे की, कामाच्या माणसांना पुन्हा एकदा बोलणी खावी लागणार, अशा तयारीनेच मी बसलो होतो. ती भीती पहिल्याच सत्रात दूर झाली. मार्गदर्शकांनी आधी मागचे पान उलटायला लावले. वाटेत जखमी पडलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला या प्रसंगाच्या अगदी लगत आधी येतो आणि ‘जा आणि तूही तसेच कर’ या आज्ञेने संपतो. लगेच पुढे मार्थेचे घर येते आणि अकराव्या अध्यायाच्या आरंभी प्रभू शिष्यांना प्रार्थना शिकवतो. करणे, ऐकणे आणि मागणे लूकने असे एकापाठोपाठ ठेवले असताना मधलाच तुकडा उचलून सेवेला कमी लेखणे योग्य नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

मूळ ग्रीक शब्दांवर त्यांनी दिलेला अर्धा तास या शिबिराचा सर्वांत मोलाचा भाग होता. मार्थेच्या कामासाठी आलेला ‘दियाकोनिया’ (सेवा) हाच शब्द बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीच्या सेवेसाठीही येतो आणि प्रेषितांच्या वचनसेवेसाठीही. म्हणजे कामाच्या नावात काही उणे नाही. उणे आहे ते तिच्या मनाच्या चहूकडून झालेल्या ओढाताणीत, आणि मार्थेविषयीच्या त्या वचनातील ग्रीक क्रियापदाचा अर्थही हाच आहे. प्रभू तिला काम सोडायला सांगत नाही, तिच्या ‘काळजी व दगदग’ याकडे बोट दाखवतो. मरीयेचे चरणांशी बसणेही केवळ भाविक शांतपणा नव्हे, ती शिष्याची जागा आहे. प्रेषित पौलाने आपण गमलियेल या यहूदी गुरूच्या चरणांजवळ शिकलो असे म्हटले आहे, ते याच अर्थाने. योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ‘आपण ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात’ अशी कबुली मार्थाच देते आणि बाराव्या अध्यायाच्या आरंभी ती पुन्हा जेवण वाढताना दिसते, तीही एका शब्दाची तक्रार न करता. तिच्या बाजूने एवढे बोलणारे प्रवचन मी तरी आजवर ऐकले नव्हते.

वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन या चार पायऱ्यांची जुनी मठपरंपरा, जी बाराव्या शतकात कार्थूसियन या मौन पाळणाऱ्या ख्रिस्ती मठसंघातील संन्यासी दुसरा गिगो याने नीट मांडली, ती रोज सकाळी पाळली गेली. दुपारच्या सरावात जोडीदाराने दहा मिनिटे बोलायचे आणि दुसऱ्याने सल्ला, दिलासा, वचन यांपैकी काहीही न देता केवळ ऐकायचे, असा नियम होता. चौथ्या मिनिटाला माझे उत्तर तयार झाले होते, आणि समोरच्या व्यक्तीने आपले खरे दुःख सांगितले ते आठव्या मिनिटानंतर. आजाऱ्यांच्या भेटींत मी आजवर चौथ्या मिनिटालाच किती जणांना थांबवले असेल, याचा हिशेब त्या रात्री मनातून जाईना.

आता उणिवा. मौन-शिबिर म्हणून दुसऱ्या दिवशी चार व्याख्याने ठेवणे विसंगत होते. ऐकण्याविषयी इतके बोलले गेले की ऐकायला वेळ उरला नाही. परतल्यावर सेवा कशी करावी, कोणते काम सोडावे आणि नकार कसा द्यावा, हा विषय शेवटच्या दिवशी घाईघाईने उरकला, वास्तविक आमच्यापैकी बहुतेक जण त्याच प्रश्नासाठी आले होते.

सर्वांत गंभीर आक्षेप स्वयंपाकघराविषयी आहे. आम्ही डोळे मिटून मरीयेचा चांगला वाटा चाखत असताना भिंतीपलीकडे दोघीजणी सर्वांची भांडी घासत होत्या, आणि तीन दिवसांत त्यांना एकाही सत्रात बसता आले नाही. मार्थेच्या प्रसंगावर भरवलेल्या शिबिरात ही गोष्ट कोणाच्याच लक्षात येऊ नये याचे नवल वाटते. माझ्याही ती तिसऱ्या दिवशी आली, हे कबूल केले पाहिजे.

तरीही ज्यांना सेवेत चीड येऊ लागली आहे, ‘मी एकटाच किती करू’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी वारंवार येते, त्यांनी या शिबिराला अवश्य जावे. ज्यांनी अजून कोणतीच जबाबदारी घेतलेली नाही त्यांना येथे फारसे मिळणार नाही. निघताना दिलेल्या अभिप्रायपत्रात मी व्याख्याने निम्मी करण्याची सूचना केली आहे, आणि पुढच्या वेळी सहभागींची भांडी घासण्याची पाळी लावणार असाल तर पहिले नाव माझे लिहावे, असेही खाली नोंदवले आहे.