फेडोरा घेताय? लोकरीची की सशाच्या केसांची

फेडोरा म्हणजे भोवती काठ, माथ्यावर खळगा आणि पुढे चिमटा असलेली हॅट. ती हातानं बनवलेलीच घ्यायची, इतपत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. डोक्याचं माप, काठाची रुंदी, रिबिनीचा रंग हे ज्याचं त्यानं बघावं. गाडी अडते ती फेल्टवर, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून केलेल्या कापडावर. लोकरीचं घ्यावं की सशाच्या केसांचं? मी दोन्ही घेतल्या, दोन वेगवेगळ्या कारागिरांकडून, दोन्ही लाकडी ठोकळ्यावर हातानं चढवलेल्या. त्यातली एक रोज माझ्या डोक्यावर असते. दुसरी माझी का राहिली नाही, ते सांगतो.

पहिल्या दिवशी कुणीही लोकरीचीच निवडेल. मीही तिच्यावरच भाळलो होतो. रंग दाट, अंग ताठ, काठ अगदी रेषेत. सशाच्या केसांची तिच्यापुढे जरा मरगळलेलीच वाटली. हातात हलकी, काठ बोटानं हलवला की हलणारा. एवढे जास्त पैसे नक्की कशाचे दिले, असं मनात येऊन गेलं. पुढे कळलं की लोकरीच्या हॅटचा तो ताठपणा बराचसा लाखेचा असतो. फेल्ट कडक व्हावं म्हणून लाखेचं द्रावण देतात. सशाच्या फेल्टलाही देतात, पण मुळातच घट्ट असल्यानं त्याला ते थोडं पुरतं. नव्या सुती साडीची खळ दोन धुण्यांत उतरते, तसंच काहीसं माझ्या लोकरीच्या हॅटचं झालं. काही महिन्यांतच काठाला पुढून लाट आली. हा त्रास मी चालवून घेतला असता. हॅट हातची गेली ती वेगळ्याच कारणानं.

दोन्ही हॅट मी मुद्दाम न चेपलेल्या मागवल्या होत्या, वरून गोल गरगरीत. खळगा किती खोल आणि पुढचा चिमटा किती अरुंद हे चेहऱ्यावर ठरतं, आणि माझा चेहरा काही कारागिराच्या समोर नव्हता. शिवाय हॅटला आकार देणं हीच यातली निम्मी मजा, असं माझं मत. साधन काय, तर चहाची किटली. तोटीतून वाफ सुटली की हॅट वीतभर अंतरावर धरायची, फिरवत राहायची, फेल्ट मऊ पडलं की तळहाताच्या कडेनं मधोमध दाबायचं आणि अंगठा नि दोन बोटांनी पुढे चिमटा काढायचा. मग गार होईपर्यंत हात हलवायचा नाही.

सशाच्या फेल्टनं इथे मला जिंकलं. थोड्याशा वाफेत ते ओल्या मातीसारखं वळतं, आणि गार झालं की खळग्याची कड जशी दिली तशी राहते. पहिल्या खेपेला माझा चिमटा डावीकडे सरकला होता. पुन्हा वाफ दिली, आतून मूठ घालून खळगा वर काढला, हॅट परत गोल. मग टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा खळगा करून पाहिला, तो नाकाला शोभेना, पुन्हा मोडला. तीन रविवार हाच खेळ चालला, आणि चौथ्या रविवारी तीच हॅट तितक्याच सैलपणानं डोक्यावर बसली.

लोकरीच्या हॅटवर हेच प्रयोग केले. तिला वाफ जास्त लागली, दाबही जास्त, आणि इतकं करून खळगा उमटला तो उशीवर कुणी टेकून उठल्यासारखा, कडा गोलसर. म्हणून आणखी वाफ दिली. तिसऱ्या खेपेनंतर घालून बघतो तर ती डोक्यात शिरेना, नुसती वर टेकून राहिली. जोर करून खाली ओढली. तासाभरानं काढली तेव्हा आरशात कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल वळ होता. उलटी करून पाहिलं. आतली चामड्याची पट्टी होती तेवढीच होती, तिच्याभोवतीचं फेल्ट आटलं होतं, आणि जागा न उरल्यानं पट्टीनं मागच्या बाजूला फुगून मुरड घातली होती. कारागिराला विचारलं तर म्हणाला, वाफ जास्त झाली तुमची. खरंच होतं ते. पण वाफेशिवाय आकार कसा द्यायचा? आकार द्यायला जावं तर माप जातं, आणि माप सांभाळावं तर हॅट पहिल्या दिवशीच्या रूपावर अडकून राहते. ताणून ठेवायचा लाकडी साचा आणला. रात्रभर ठेवला की सकाळी बरी बसायची, चारदोन दिवसांत पुन्हा तेच.

गरम पाण्यात धुतलेला स्वेटर आटतो, त्यातलंच हे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत आणखी अडकत जातात, हॅट तयार झाली म्हणून थांबत नाहीत. सशाचे केस याच्या उलट, सहजासहजी गुंततच नाहीत. पूर्वी त्यासाठी त्यांना पाऱ्याचं रसायन लावत, त्याच्या वाफांनी हॅट करणाऱ्यांचे हात थरथरायचे, डोकं बिघडायचं. अमेरिकेत हे 1941 साली बंद झालं. आता दुसरी रसायनं वापरतात. एकदा का हे केस गुंतले, की सुरुवातीचा ऐसपैस शंकू आटवत आटवत हॅटएवढा करतात. आटायचं ते बहुतेक आधीच आटून झालेलं असतं, असं मी समजतो.

बहुतेक म्हणालो, कारण तीही अमर नाही. उन्हात बंद गाडीत ठेवाल तर सशाचीही आटेल, चामड्याची पट्टी आधी. माझी पावसात दोनदा चिंब भिजली. पट्टी बाहेर उलटून, हीटरपासून लांब, आपापली वाळू दिली. माप तेच राहिलं, पुढचे कोपरे मात्र किंचित आत ओढल्यासारखे वाटतात. कदाचित मलाच.

घेताना शिक्क्यावर फेल्टचा दर्जा सांगणाऱ्या 'एक्स'च्या आकड्यांना भुलू नका, ज्याचा त्याचा हिशेब निराळा. काठ चिमटीत धरून बघा. चांगलं फेल्ट पातळ असूनही भरीव लागतं, बोट फिरवलं तर खरखरत नाही.

कारागिराकडूनच खळगा घालून घेणार असाल, पुन्हा हात लावायचा नसेल आणि पाऊस टाळता येत असेल, तर लोकरीचीत तसं काही वाईट नाही. खिशालाही सोपी. शिवाय मेंढीची लोकर कातरून निघते, सशाच्या बाबतीत तसं नसतं. त्या कारणानं कुणी लोकरीची घेतली तर माझ्याकडे उत्तर नाही.

माझी लोकरीची आता भाचीकडे आहे, तिला नेमकी बसते. परवा ती हॅट घेऊनच आली, म्हणाली, "मामा, हिलापण तुझ्या हॅटसारखा चिमटा काढून दे ना." चहा झाला होता, किटली गरमच होती. मी ती उचलून आत ठेवली.